डीएमआयटी रिपोर्टमध्ये मुलाचं 'लॉजिकल' सगळ्यात कमी आलंय, गणिताचा क्लास बंद करू का?

गोदाकाठची (नाशिक)

नमस्कार, जरा मोठं होणारे पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. माझा मुलगा पाचवीत आहे, सेमी इंग्लिश. मध्यंतरी शाळेत पालकसभा झाली तेव्हा बाहेरची एक संस्था आली होती, त्यांनी स्लाइड्स दाखवून सांगितलं की प्रत्येक मुलात आठ प्रकारच्या बुद्धिमत्ता असतात, हार्वर्डच्या गार्डनर नावाच्या प्रोफेसरांनी हे शोधून काढलंय, आणि आम्ही मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन सांगतो की त्याच्यात कोणती बुद्धिमत्ता किती आहे. डीएमआयटी म्हणतात याला. वर्गातले सगळेच पालक करत होते, आम्हीपण केली. फी चांगली तगडी होती पण ते जाऊ दे.

रिपोर्ट म्हणजे जाडजूड रंगीत पुस्तकच आलं. त्यात बॉडिली-कायनेस्थेटिक (शरीराच्या हालचालीची) सगळ्यात वर, मग म्युझिकल, मग इंटरपर्सनल (माणसं ओळखण्याची), आणि लॉजिकल-मॅथेमॅटिकल पार तळाला. त्यांच्या काउन्सेलर मॅडम म्हणाल्या याचं गणित जन्मतःच कमी आहे, त्यावर वेळ घालवू नका, स्पोर्ट्सला टाका, आणि हा कायनेस्थेटिक लर्नर आहे म्हणजे बसून वाचून त्याला काही कळायचं नाही, हालचालीतूनच शिकवा. आता मुलगा खो-खो खरंच छान खेळतो, घरातली बंद पडलेली वस्तू दिसली की स्क्रू काढून बसतो, हे सगळं बरोबरच आहे. गणितात बेरीज-वजाबाकी-गुणाकार मांडून दिले की करतो, पण शाब्दिक उदाहरण आलं की अडतो, नुसता बघत बसतो. स्कॉलरशिपचा क्लास लावलाय तिथेही तेच.

मिस्टर म्हणतात क्लास बंद करू आणि तेच पैसे खेळाच्या कोचिंगला घालू. सासूबाई म्हणतात दहा वर्षांच्या पोराचं आत्ताच काय ठरवताय. आणि मला सगळ्यात जास्त लागलंय ते वेगळंच, मॅडम बोलत होत्या तेव्हा हा शेजारीच बसलेला, सगळं ऐकलं त्याने, आणि आता गणिताचं पुस्तक काढलं की म्हणतो "आई माझ्यात ते नाहीचे ना, मग कशाला". रोज म्हणतो. तर ही थिअरी खरी आहे का, ठशांवरून खरंच कळतं का, आणि क्लासचं काय करू? कृपया ज्यांना माहितीये त्यांनीच सांगा, घाबरवू नका.

---

माहुलीकर

ताई, मी सायकॉलॉजीत एमए केलंय आणि सध्या एका हॉस्पिटलच्या बालमार्गदर्शन विभागात काम करतो. तुमच्या तीन प्रश्नांपैकी ठशांचं आधी निकालात काढतो कारण ते सोपं आहे. ठशांवरून बुद्धिमत्ता कळत नाही. थोडीपण नाही. लॉजिकलही नाही आणि कायनेस्थेटिकही नाही.

हे लोक नेहमी सांगतात की ठशांचं शास्त्र जुनं आहे, डॉक्टरपण वापरतात. ते अर्धवट खरं आहे म्हणूनच माणसं फसतात. बोटांच्या आणि तळहाताच्या रेषांचा अभ्यास म्हणजे डर्मॅटोग्लिफिक्स, हे नाव हॅरल्ड कमिन्स या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९२६ साली दिलं, आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या तळहातावर काही वेगळ्या रेषा जास्त प्रमाणात दिसतात हेही त्याच अभ्यासातून पुढे आलं. म्हणजे गुणसूत्रांमधला मोठा बदल असेल तर त्याची एक खूण हातावर दिसू शकते, इतकंच. त्यावरून उडी मारून "या बोटाची लूप म्हणजे मेंदूचा हा भाग, म्हणजे गणित इतके टक्के" इथपर्यंत जायला मधे काही पूलच नाहीये. त्यांचं लाडकं वाक्य असतं की ठसे आणि मेंदू गर्भात एकाच वेळी तयार होतात. बरं मग? ठशांच्या रेषा साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात बनतात हे खरंय, पण त्याच काळात बाळाचे कान, मूत्रपिंडं, नखं सगळंच घडत असतं, आणि नखं बघून गणित कुणी सांगत नाही. शिवाय मेंदू जन्मानंतरही कितीतरी वर्षं बदलत राहतो, ठसा मात्र जन्मभर तोच. जुळी भावंडं घ्या, अगदी एकसारखी, तरी त्यांचे ठसे हुबेहूब नसतात, कारण गर्भातला दाब, जागा, हालचाल असल्या गोष्टींनीपण रेषा ठरतात.

इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, या टेस्टला शास्त्रीय आधार नाही असं सांगितलेलं आहे. आणि ज्यांच्या नावावर हे विकतात त्या गार्डनरनी स्वतः आपला याच्याशी काही संबंध नाही असं जाहीर केलंय. म्हणजे तो रिपोर्ट गार्डनरच्या थिअरीचापण नाही. त्यात मुलगा खेळात हुशार निघाला ते टेस्ट बरोबर असल्यामुळे नव्हे. असल्या ठिकाणी फॉर्म भरताना आईवडील किती बोलून जातात ते आठवून बघा, आवडी काय, छंद काय, कशात त्रास होतो.

थिअरीबद्दल कुणा शिक्षकाने बोलावं, मी नंतर येतो.

---

खडूफळा

मी बोलते. जिल्हा परिषद शाळेत शिकवते, डीएडला असताना "बहुविध बुद्धिमत्ता" हा मुद्दा आम्हाला पाच मार्कांना होता, सिद्धांत मांडणाऱ्याचं नाव लिहा, प्रकार लिहा, संपलं. त्या पाच मार्कांमुळेच गोंधळ झालाय असं मला वाटतं, कारण प्रकारांची यादी सगळ्यांना पाठ आहे आणि ती यादी कुठून आली हे कुणालाच माहीत नाही.

हॉवर्ड गार्डनर सत्तरच्या दशकात बोस्टनच्या व्हेटरन्स हॉस्पिटलमध्ये मेंदूला इजा झालेल्या पेशंटांवर काम करत होते आणि त्याच वेळी हार्वर्डच्या प्रोजेक्ट झिरो या संशोधन गटामध्ये लहान मुलं चित्र, गाणं, गोष्ट कशी शिकतात तेही बघत होते. हॉस्पिटलमध्ये त्यांना दिसलं की एखाद्याचं बोलणं पार गेलेलं असतं पण बाकी काहीतरी शाबूत असतं, किंवा उलट. त्यांनी दिलेलं एक उदाहरण मी कधी विसरणार नाही, शेबालिन नावाचे रशियन संगीतकार. त्यांना पक्षाघाताचे झटके आले, बोलणं जवळजवळ गेलं, समोरच्याचं बोलणं कळायलापण त्रास, आणि त्या अवस्थेत त्यांनी संगीतरचना चालू ठेवली, १९६२ मध्ये पाचवी सिम्फनी पूर्ण केली. म्हणजे भाषा आणि संगीत मेंदूत एकाच पिशवीत भरलेले नाहीत. यावरून गार्डनरनी १९८३ च्या पुस्तकात म्हटलं की बुद्धिमत्ता एकच नसून सात आहेत, भाषिक, तार्किक-गणिती, संगीताची, अवकाशीय, शारीरिक, माणसं ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची. निसर्गाची आठवी नंतर नव्वदच्या दशकात आली. आणि मनाला येईल ते घातलं नाही त्यांनी, आठ कसोट्या लावल्या होत्या, मेंदूच्या इजेत ती क्षमता एकटी जाते किंवा एकटी उरते का, फक्त त्याच एका गोष्टीत विलक्षण असलेली माणसं सापडतात का, लहानपणापासून तिचा वाढण्याचा क्रम दिसतो का, तिची स्वतःची चिन्हं असतात का जसं संगीताला नोटेशन आणि गणिताला अंक, वगैरे.

आता तुमच्या कामाचं सांगते. या सगळ्यात "तुमच्या मुलात अमुक एक आहे आणि तमुक नाही" असं कुठेच नाही. आठही सगळ्यांत असतात, कमीजास्त, आणि वाढतात असंच ते म्हणतात. गार्डनर आणि डेव्हिड फेल्डमन यांनी १९८४ पासून प्रोजेक्ट स्पेक्ट्रम नावाचं काम केलं बालवाडीच्या मुलांवर. ठसे नाहीत, कागदी टेस्ट नाही, वर्गात भरपूर वस्तू ठेवायच्या आणि वर्षभर मुलांना त्यांच्याशी खेळताना बघायचं. एका खेळात मुलांना स्वयंपाकघरातलं दळायचं यंत्र दिलं होतं, सुटे भाग करा आणि परत जोडा. तुमचा मुलगा स्क्रू काढून बसतो ना, अगदी तेच त्यांनी बघण्यासारखं मानलं. कोणतं मूल कशापाशी रमतं, कुठे अडतं, आणि जिथे रमतं तिथून बाकीच्या विषयात कसं न्यायचं यासाठी ते बघणं होतं. एखादा विषय काढून टाकायला नव्हतं.

अमेरिकेत इंडियानापोलिसला १९८७ मध्ये शिक्षकांनीच या विचारावर एक सरकारी शाळा सुरू केली होती, 'की स्कूल' (Key School) नावाची. तिथे संगीतवाल्यांचा वर्ग वेगळा, गणितवाल्यांचा वेगळा असं नव्हतं, सगळ्या मुलांना सगळंच होतं, व्हायोलिनपण आणि गणितपण. तुमच्या मॅडमनी बरोबर उलटा अर्थ काढलाय. मला राग येतोय खरंच, दहा वर्षांच्या मुलासमोर असं बोलतं का कोणी!

---

तालमात्रा

तबला शिकवतो, कोल्हापूर. विषय जवळचा आहे म्हणून लिहितोय. माझ्याकडे एक मुलगी येते, सातवीतली, शाळेत गणितात कायम काठावर पास. तिला मी झपतालात समेपासून (तालाच्या पहिल्या मात्रेपासून) सुरू होऊन समेवर येणारी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, बसवायला सांगितली. दहा मात्रा, अकरावी म्हणजे पुढची सम. "तिट कत धा" तीन मात्रा आणि मधे एक मात्रा दम, म्हणजे थांबा. तीन तीन तीन नऊ, मधले दोन दम, झाले अकरा, शेवटचा धा बरोबर समेवर. हे तिने स्वतः शोधलं, बोटांवर मोजत. मग मी म्हटलं हेच सोळा मात्रांच्या तीनतालात कर, सतरा पाहिजेत, तर थोडा वेळ घेतला आणि पाच मात्रांचा तुकडा आणि एकाचा दम घेऊन आली. पाच त्रिक पंधरा अधिक दोन.

आता हे संगीत म्हणायचं का गणित? माझ्यापुरतं उत्तर असं की तिला गणित येतं, फक्त पुस्तकातलं गणित तिच्या ओळखीचं झालेलं नाही. पण हेपण सांगतो, तिहाई जमली म्हणून शाळेतला पेपर आपोआप सुधारला असं काही झालं नाही. कुणीतरी तिच्याजवळ बसून सांगायला पाहिजे की बाई तू केलंस ते समीकरण होतं, आता ते वहीत कसं लिहायचं ते बघ. ते आम्ही आता करतोय तिच्या शाळेच्या सरांना सोबत घेऊन. तबलाच गणित शिकवेल म्हणून गणित सोडून दिलं तर नुकसान आहे.

---

आकडेमोड

खडूफळा ताईंनी छान लिहिलंय पण एक बाजू राहतेय आणि ती सांगायलाच हवी, नाहीतर पालकांना वाटेल ठसे खोटे पण थिअरी सिद्ध झालेली. तसं नाहीये. मी संख्याशास्त्राकडून मानसमापनात, म्हणजे बुद्धी वगैरे मोजण्याच्या शास्त्रात, आलोय, तिथे गार्डनरचा सिद्धांत फारसा मान्य नाही.

१९०४ साली स्पिअरमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की शाळेतल्या वेगवेगळ्या विषयांत मुलांचे मार्क एकमेकांबरोबर वरखाली होतात, एकात चांगलं मूल सरासरीने दुसऱ्यातही चांगलं असतं, म्हणून सगळ्यांच्या मागे एक सामाईक घटक असावा, त्याला त्यांनी 'जी' (g) म्हटलं. थर्स्टननी १९३८ मध्ये सात वेगळ्या प्राथमिक क्षमता मांडल्या, म्हणजे गार्डनरच्या पंचेचाळीस वर्षं आधी सात आल्या होत्या, पण त्या सातही एकमेकांशी बांधलेल्याच निघाल्या. १९९३ मध्ये कॅरल यांनी साडेचारशेहून जास्त अभ्यासांचे आकडे परत तपासून तीन थर मांडले, खाली अनेक बारीक क्षमता, मधे काही मोठे गट, वर एक सामान्य घटक. आणि थेट गार्डनरच्या आठांवर २००६ मध्ये कॅनडात व्हिसर, ॲश्टन आणि व्हर्नन यांनी अभ्यास केला, २०० माणसं, प्रत्येक बुद्धिमत्तेसाठी दोन दोन चाचण्या. भाषिक, तार्किक, अवकाशीय, निसर्गाची आणि माणसं ओळखण्याची, या सगळ्या बऱ्यापैकी एकाच घटकाकडे गेल्या. शारीरिक आणि संगीताची तेवढी गेली नाही. म्हणजे आठ स्वतंत्र कप्पे काही दिसले नाहीत. लिन वॉटरहाऊस यांनी तर मेंदूविज्ञानाच्या बाजूनेही हेच म्हटलंय की मेंदूत असे आठ वेगळे मार्ग सापडत नाहीत.

शेबालिनच्या उदाहरणाबद्दल एवढंच की मेंदूतली कामं वेगवेगळ्या भागांत होतात यावर कुणाचा वाद नाही, पण "भाग वेगळा" म्हणजे लगेच "बुद्धिमत्ता वेगळी" होत नाही.

आणि आपल्याकडे या विषयाचं काम कमी नाही बरं का, ते विसरलं जातं. बुद्धी मोजायची बिने-सायमन चाचणी पॅरिसला १९०५ मध्ये आली, ती मुळात शाळेत जास्त मदत कुणाला लागेल ते शोधायला होती, आणि बुद्धी म्हणजे न बदलणारं ठरावीक माप या कल्पनेला बिने स्वतःच विरोध करत, मागे पडलेल्या मुलांसाठी लक्ष आणि स्मरणाचे व्यायामपण त्यांनी सुचवले होते. तीच चाचणी अमेरिकेतून फिरून आपल्याकडे आली आणि व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, बिने-कामत टेस्ट म्हणून ती अजून हॉस्पिटलांत वापरतात. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी १९६२ ला सुरू झाली, तिथे गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या मॉडेलवर चाचण्या तयार करण्याचं काम झालं, गिलफर्डनी तर १२० क्षमता मांडल्या होत्या. म्हणजे बुद्धी एक का अनेक हा वाद जुना आहे आणि मराठीतही झालेला आहे. स्कॉलरशिपच्या दुसऱ्या पेपरला "बुद्धिमत्ता चाचणी" असते ना, ५० प्रश्न १०० मार्कांचे, संख्यामालिका, आकृत्या, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, ती गार्डनरच्या भाषेत बोलायचं तर मुख्यतः दोन प्रकारांची, तार्किक आणि अवकाशीय.

---

खडूफळा

@आकडेमोड, मान्य आहे सर, मापनाच्या बाजूने तुमचं बरोबर असेल. मी वाद नाही घालणार आठ आहेत का तीन का एक. पण वर्गात उभं राहिल्यावर मला या विचाराचा उपयोग झालाय तो असा की एकच धडा मी तीनचार वाटांनी उघडते. अपूर्णांक घ्या, भाकरी कापून, घडी घातलेल्या कागदावरून, दोरीवर गाठी मारून, आणि मग पाटीवर. जी मुलं पाटीवर गप्प असतात ती दोरीला बोलायला लागतात. आणि सगळ्यांना सगळ्या वाटा, कुणाला एकच ठरवून दिली असं नाही. तुमच्या दृष्टीने याला बुद्धिमत्तेचा पुरावा म्हणता येत नाही हे कळतं मला.

---

आकडेमोड

तसं शिकवण्याला माझा अजिबात विरोध नाही ताई, उलट एकच कल्पना वेगवेगळ्या रूपांत दाखवली की ती पक्की होते हे चांगल्या शिकवण्याचंच तत्त्व आहे, त्यासाठी मुलाला लेबल लागत नाही. माझं भांडण लेबलाशी आहे.

---

गोदाकाठची (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मिस्टरांनापण वाचायला दिलं. पण एक शंका आहे, ठसे बाजूला ठेवले तरी तो हालचालीतून शिकतो हे मला स्वतःला दिसतंय ना, एका जागी दहा मिनिटं बसत नाही. मग त्याला कायनेस्थेटिक पद्धतीनेच शिकवणं बरोबर नाही का? युट्यूबवरपण व्हिज्युअल, ऑडिटरी, कायनेस्थेटिक असे तीन प्रकार सगळेच सांगतात.

---

माहुलीकर

ताई, ही दोन वेगळी प्रकरणं एकत्र झालीयेत आणि ती जवळजवळ सगळीकडेच एकत्र होतात. व्हिज्युअल-ऑडिटरी-कायनेस्थेटिक याला लर्निंग स्टाइल म्हणतात आणि ते गार्डनरचं नाहीच. त्यांनी २०१३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टमध्ये यावर लेख लिहिला की माझा सिद्धांत आणि लर्निंग स्टाइल एक नव्हेत, कृपया मिसळू नका. लर्निंग स्टाइलबद्दल २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं. त्यांनी विचारलं की मुलाची जी स्टाइल सांगितली जाते त्या स्टाइलने शिकवलं तर ते मूल खरंच जास्त शिकतं का, आणि दुसऱ्या स्टाइलचं मूल त्याच पद्धतीने कमी शिकतं का. नीट पद्धतीने केलेल्या अभ्यासांत याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. मुलांना एखादी पद्धत आवडते हे खरं, आवडलेल्या पद्धतीने शिकणं जास्त होतंच असं नाही.

कशाने शिकवायचं हे मुलाच्या प्रकारापेक्षा विषयावरून ठरतं. नकाशा कानाने शिकता येत नाही, उच्चार डोळ्यांनी शिकता येत नाहीत, पोहणं वाचून येत नाही, मूल कुठल्याही प्रकारचं असो. दहा वर्षांचा मुलगा दहा मिनिटं बसत नाही हे बऱ्याच घरांत आहे, त्यात काळजीचं फार नाही, मधे उठू द्या, परत बसवा.

मला एक विचारायचंय. मांडून दिलेली गणितं येतात आणि शाब्दिक अडतात असं तुम्ही लिहिलंय, तर मराठीचा धडा वाचून त्याला प्रश्नांची उत्तरं देता येतात का? आणि गणिताचं पुस्तक इंग्रजीत आहे ना, सेमी म्हणजे?

---

गोदाकाठची (नाशिक)

हो गणित इंग्रजीत आहे. मराठी बरं वाचतो पण हळू. मी परवा एक शाब्दिक उदाहरण मराठीत सांगितलं तर तेपण चुकला, पण त्याने वजाबाकीऐवजी बेरीज केली होती, आकडेमोड बरोबर होती.

---

खडूफळा

मग हे माझ्या रोजच्या कामातलं निघालं! ऐका, हा प्रॉब्लेम गणित "नसण्याचा" वाटत नाही मला, वाक्यातली गोष्ट डोळ्यांसमोर उभी न राहण्याचा वाटतोय, आणि चौथी-पाचवीत कितीतरी मुलांचं हेच असतं.

मी वर्गात नेहमी हे देते, "रमेशकडे १९ गोट्या आहेत. त्याच्याकडे सुमनपेक्षा ७ गोट्या जास्त आहेत. तर सुमनकडे किती?" अर्धा वर्ग २६ सांगतो. का, तर "जास्त" शब्द दिसला की बेरीज असं कुणीतरी शिकवून ठेवलेलं असतं, क्लासमध्ये तर तक्तेच लावतात, एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी, प्रत्येकी म्हणजे गुणाकार. मुलगा अख्खं वाक्य वाचतच नाही, ओळखीचा शब्द शोधतो आणि आकड्यांवर झडप घालतो. त्यात इंग्रजीत "मोअर दॅन" आलं की अजून पंचाईत. तो तक्ता असेल तर पहिला काढून टाका.

मग असं करा. उदाहरणातले आकडे झाकून वाचा. "रमेशकडे काही गोट्या आहेत, त्याच्याकडे सुमनपेक्षा जास्त आहेत." बास. आता विचारा कोणाकडे जास्त? कोणाकडे कमी? सुमनचं उत्तर १९ पेक्षा मोठं येईल का लहान? आकडे नसले की मुलाला गणित करायची घाई होत नाही, गोष्ट ऐकतो. मग खडे नाहीतर राजमा घेऊन मांडायला लावा, त्याला हाताने करायला आवडतं ना, इथे ते खरं उपयोगी आहे. मग त्याच खड्यांच्या जागी वहीत दोन आडव्या पट्ट्या, रमेशची लांब, सुमनची आखूड, मधला फरक ७. आणि मग शेवटी आकडेमोड. खड्यांवरच थांबू नका हं, खडे ते पट्टी, पट्टी ते अंक हा प्रवास त्याने स्वतः करायला पाहिजे, कारण पेपरात खडे नसतात. उदाहरण आधी मराठीत होऊ दे, अर्थ लागला की तेच इंग्रजी पुस्तकातून वाचायला लावा.

आणि त्याच्याकडूनच उदाहरणं बनवून घ्या, खो-खोची. "आम्ही ११ गडी बाद केले, ते समोरच्या टीमपेक्षा ४ जास्त होते, समोरच्यांनी किती केले?" हे त्याला रचता आलं की रमेश-सुमन आपोआप सुटतं असा माझा अनुभव आहे, कारण रचताना कोण कोणापेक्षा जास्त हे ठरवावंच लागतं. रोज दोनच, तोंडी घेतली तरी चालेल, मैदानावरून येताना गाडीवर घ्या.

क्लासबद्दल, बंद करू नका असं सरसकट नाही म्हणणार मी. सरांना भेटा, विचारा शाब्दिक उदाहरणं कशी घेता. तक्ते आणि नुसते सराव पेपर असतील तर दुसरं कुणी बघा. गणित मात्र सोडू नका, पाचवीत सुटलं की सहावी-सातवीत बीजगणित आलं की फार जड जातं. आणि खो-खो चालू ठेवा! कोचिंग लावायचं तर लावा, ते गणिताच्या बदल्यात नको, त्याला आवडतं म्हणून लावा.

---

माहुलीकर

खडूफळा ताईंचं दोनतीन महिने करून बघा. आकडेमोड येते, अडचण शब्दांत आहे, यावरून तरी मला मोठी शंका येत नाही. पण वाचन खूपच हळू असेल, अक्षरांची अदलाबदल होत असेल, किंवा एवढं करून फरक पडलाच नाही, तर रीतसर तपासणी करून घ्या, सरकारी हॉस्पिटलमध्ये किंवा मेडिकल कॉलेजमध्ये जिथे अध्ययन अक्षमतेची (लर्निंग डिसॅबिलिटीची) तपासणी होते तिथे. मुंबईत सायनच्या हॉस्पिटलमध्ये यासाठी वेगळं क्लिनिक आहे, नाशिकमध्ये सिव्हिलला चौकशी करा. तिथे मुलाला समोर बसवून वाचायला, लिहायला, गणित सोडवायला देतात, बुद्ध्यंकाची चाचणी वेगळी होते, डोळे-कान तपासतात, शाळेच्या वह्या बघतात, पालकांशी बोलतात, एका भेटीत संपत नाही. आणि तशी अडचण निघालीच तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. ठसे कुठेच घेत नाहीत.

---

गोदाकाठची (नाशिक)

रात्री रमेश-सुमन दिलं, २६ च म्हणाला. मग आकडे झाकून वाचलं तर दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला "अगं म्हणजे सुमनकडे कमी आहेत". १२ सांगितले. राजम्याची गरजच लागली नाही. तक्ता क्लासच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवलेला आहे खरंच, उद्या सरांना भेटते.

फक्त एक सांगा, "माझ्यात ते नाहीचे" याचं काय करू? त्याला रिपोर्ट खोटा होता असं सांगितलं तर शाळेवरचा विश्वास जाईल का?

---

तालमात्रा

खरं सांगा त्याला. दहा वर्षांच्या मुलाला कळतं. बोटांच्या ठशांवरून कुणाला काय येतं ते कळत नाही, आम्हालाही आधी माहीत नव्हतं, आता माहीत झालंय, इतकं साधं. शाळेतपण बोला, बाकीच्या पालकांनाही घेऊन जा, कारण त्या वर्गात अजून कितीतरी मुलं असतील ज्यांच्या रिपोर्टमध्ये भाषा तळाला आहे नाहीतर संगीत तळाला आहे आणि तीही घरी हेच म्हणत असतील.

---

खडूफळा

+१ तालमात्रा. आणि शाळेत जाताना रिपोर्ट सोबत न्या, मुख्याध्यापकांना एवढंच विचारा की पुढच्या वर्षी असा कार्यक्रम ठेवायच्या आधी पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगमध्ये विषय घेणार का. लेखी द्या म्हणजे मिनिट्समध्ये येईल.